धर्मग्रामाची नोंदवही आणि आपला खासगीपणा

विवाह ठरला की वधूवरांना आपापल्या धर्मग्रामातून स्नानसंस्काराचा दाखला आणावा लागतो. तो दाखला अलीकडचा, सर्वसाधारणपणे गेल्या सहा महिन्यांत दिलेला असावा, असे चर्चच्या कार्यालयात सांगितले जाते. घरातील पेटीत वर्षानुवर्षे जपून ठेवलेला दाखला घेऊन गेलेल्या माणसाला त्यामुळे हेलपाटा पडतो आणि त्याची थोडी चिडचिडही होते. स्नानसंस्कार आयुष्यात एकदाच होतो, त्याची तारीख बदलत नाही, मग नवा दाखला कशासाठी, असा प्रश्न त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, स्नानसंस्काराची नोंद ही एका दिवसापुरती नसते. पुढे त्या व्यक्तीचे दृढीकरण झाले, विवाह झाला, तिने गुरुदीक्षा घेतली किंवा एखाद्या संन्यस्त संघात आजीवन व्रते घेतली, तर ते सर्व त्याच मूळ नोंदीच्या समासात लिहिले जाते. जुन्या दाखल्यावर हा समास नसतो.

आजच्या भाषेत बोलायचे झाल्यास, धर्मग्रामाच्या कपाटातील ती जाड वही म्हणजे आपल्या वैयक्तिक माहितीचा साठाच होय. जन्म, मातापिता, धर्मपिता व धर्ममाता, विवाह कोणाशी व कोठे झाला, विवाह रद्दबातल ठरविला गेला असल्यास तेही, असे सर्व काही तिच्यात एका ओळीत सापडते. हल्ली संकेतस्थळे, मोबाईल व बँका आपली माहिती कशी वापरतात याविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु आपल्या घराइतक्याच जवळच्या या वहीविषयी आपण क्वचितच विचार करतो. तिच्याविषयीचे नियम कोणते, आणि तीच माहिती संगणकाच्या पडद्यावर आली म्हणजे काय बदलते, याची माहिती वाचकांना व्हावी म्हणून आम्ही हा लेख देत आहोत.

नोंदवही कशासाठी सुरू झाली

ट्रेंट येथील विश्वपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी विवाहसंस्काराविषयी जे निर्णय घेतले, त्यांत प्रत्येक धर्मग्रामात विवाहांची नोंदवही असावी असा आदेश होता. त्या काळी साक्षीदारांशिवाय गुपचूप केलेल्या विवाहांमुळे मोठा अनर्थ होत असे. एका स्त्रीला दिलेले वचन नाकारून पुरुष दुसऱ्या गावी दुसरा विवाह करून मोकळा होई, आणि पहिल्या विवाहाचा पुरावा कोठेच नसे. स्नानसंस्काराच्या वेळी धर्मपिता व धर्ममाता यांची नावे लिहून ठेवण्याचा आदेशही त्याच वेळचा. त्यामागील कारण आज अनेकांना ठाऊक नसते. त्या संस्काराने निर्माण होणारे आत्मिक नाते तेव्हा विवाहास अडथळा मानले जाई आणि ते नाते कोणाकोणात आहे, हे लेखी असणे आवश्यक होते. पुढे १६१४ च्या रोमन उपासनाविधी ग्रंथात स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह, धर्मग्रामातील कुटुंबे आणि मृत्यू अशा पाच वह्यांचे नमुने देण्यात आले. विवाहाची नोंद स्नानसंस्काराच्या वहीत परत कळविण्याची पद्धत १९०७ च्या आदेशाने पक्की झाली.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. लोकांची माहिती हवी म्हणून ती गोळा केली गेली नाही. एका दुर्बल व्यक्तीचे, बहुधा फसविल्या गेलेल्या पत्नीचे, संरक्षण व्हावे हा त्या लिहिण्याचा हेतू होता. माहितीचा हेतू ठरलेला असला की तिच्या वापराची मर्यादाही ठरते. आजचे सारे माहिती संरक्षण कायदे याच तत्त्वावर उभे आहेत.

काय लिहावे आणि काय लिहू नये

१९८३ च्या कॅनन लॉ अर्थात ख्रिस्तसभेच्या कायद्यातील कलम ८७७ मध्ये स्नानसंस्काराच्या नोंदीत काय असावे हे सांगितले आहे. स्नानसंस्कार घेणाऱ्याचे नाव, संस्कार देणारा, मातापिता, धर्मपिता व धर्ममाता, असल्यास साक्षीदार, संस्काराचे स्थळ व दिनांक, जन्मस्थळ व जन्मदिनांक इतकी माहिती त्यात येते. जात, उत्पन्न, शिक्षण यांचा त्यात उल्लेख नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्याच कलमाचा दुसरा भाग आम्हांला विशेष महत्त्वाचा वाटतो. अविवाहित मातेचे मूल असेल, तर मातेचे नाव केव्हा लिहावे? तिचे मातृत्व सर्वांस ठाऊक असेल तर, किंवा तिने स्वेच्छेने लेखी अथवा दोन साक्षीदारांसमक्ष तशी मागणी केली तर. पित्याचे नाव केव्हा लिहावे? सरकारी दस्तऐवजाने पितृत्व सिद्ध होत असेल, किंवा त्याने स्वतः धर्मगुरू व दोन साक्षीदारांसमोर ते मान्य केले असेल तर. अन्य प्रसंगी मुलाचे नाव लिहावे आणि पित्याचा किंवा मातापित्यांचा उल्लेखच करू नये. एखाद्या शेजाऱ्याने कानात सांगितलेले नाव वहीत जाता कामा नये, हाच याचा अर्थ. गावात कुजबूज पुष्कळ होते. परंतु कुजबुजीला नोंदवहीत स्थान नाही. दत्तक मुलांच्या बाबतीत दत्तक घेणाऱ्या मातापित्यांची नावे लिहिली जातात. जन्मदात्यांची नावे लिहिण्याविषयी त्या त्या देशातील नागरी नोंदणीची पद्धत व बिशप परिषदेचे नियम पाहावे लागतात. दत्तकाची नोंद असलेला दाखला देताना कार्यालयाने किती काळजी घ्यावी लागते, हे यावरून ध्यानात येईल. दाखल्यावरील एका अनावश्यक शब्दाने एखाद्या तरुणाला आपल्या जन्माची हकीकत अनोळखी टेबलापुढे उभे राहून कळू शकते.

वही कोण पाहू शकतो, याचे उत्तर कलम ५३५ मध्ये आहे. ती धर्मग्रामाच्या दप्तरात ठेवावी, बिशपांनी भेटीच्या वेळी ती तपासावी, आणि ती परक्यांच्या हाती पडणार नाही याची दक्षता प्रमुख धर्मगुरूंनी घ्यावी. म्हणजेच 'आमच्या पणजोबांचे नाव बघायचे आहे, वही द्या, आम्हीच शोधतो' असे म्हटल्यावर कार्यालयाने वही पुढे सरकवू नये, हे योग्यच आहे. त्याच पानावर दुसऱ्या दहा घरांची माहिती असते. याउलट, स्वतःच्या नोंदीविषयीचा हक्कही कायद्याने दिलेला आहे. कलम ४८७ नुसार, स्वभावतः सार्वजनिक असलेल्या आणि आपल्या वैयक्तिक स्थितीशी संबंधित असलेल्या दस्तऐवजाची प्रमाणित प्रत मिळविण्याचा अधिकार संबंधित व्यक्तीस आहे. दाखला देणे हा कार्यालयाचा उपकार नव्हे. कलम २२० मध्ये तर असे स्पष्ट म्हटले आहे की, कोणाच्याही सत्कीर्तीस अन्यायाने बाधा आणू नये व कोणाच्याही खासगीपणाच्या हक्काचा भंग करू नये. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायाधीशांच्या पीठाद्वारे एकमताने जाहीर केले ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी. आपल्या ख्रिस्तसभेच्या कायद्यात हा शब्द त्याआधी ३४ वर्षे होता. अर्थात कायद्यात शब्द असणे आणि व्यवहारात तो पाळला जाणे यांत अंतर असते, हेही येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

नाव पुसता येते काय

युरोपातील काही देशांत गेल्या काही वर्षांत एक वेगळाच प्रश्न पुढे आला. ज्यांनी ख्रिस्तसभा सोडली आहे अशा व्यक्तींनी आपले नाव स्नानसंस्काराच्या वहीतून पुसून टाकावे अशी मागणी केली. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या माहिती संरक्षण नियमावलीत माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे, त्याचा त्यांनी आधार घेतला. आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगाने डब्लिनच्या आर्चबिशपांसंबंधीच्या प्रकरणात २०२३ साली निर्णय दिला की, अशा नोंदी पुसण्याची सक्ती करता येणार नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेल्जियमच्या प्राधिकरणाने गेंट धर्मप्रांताच्या बाबतीत नेमका उलट निर्णय दिला आणि धर्मप्रांताने त्याविरुद्ध अपील केले. २ फेब्रुवारी २०२४ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, ख्रिस्तसभा सोडल्याची समासात नोंद करणे पुरेसे आहे, नाव पुसण्याची गरज नाही, असे म्हटले. रोममधील विधिविषयक कार्यालयानेही एप्रिल २०२५ मध्ये, वहीतील नोंदी खोडण्यास मनाई असल्याचे स्पष्ट केले.

येथे दोन्ही बाजूंचे म्हणणे समजून घेतले पाहिजे. वही ही सभासदांची यादी नाही. एक घटना घडली याची ती साक्ष आहे. पान फाडल्याने घडलेली घटना अघटित होत नाही, आणि त्याच नोंदीवर दुसऱ्या कोणाच्या विवाहाची वैधता अवलंबून असू शकते. परंतु तान्हेपणी आपल्या वतीने दुसऱ्यांनी दिलेल्या संमतीवर आयुष्यभर आपले नाव एखाद्या दप्तरात राहावे काय, हा प्रश्न विचारणाऱ्याला सरसकट श्रद्धाहीन म्हणून झिडकारणेही आम्हांला उचित वाटत नाही. समासातील नोंद हा मार्ग त्यातल्या त्यात न्याय्य दिसतो. साध्या चुकीच्या बाबतीतही हीच रीत आहे. आडनावाचे स्पेलिंग चुकले किंवा जन्मतारीख चुकीची पडली, तर मूळ अक्षर खरवडले जात नाही. पुरावा पाहून शेजारी दुरुस्ती लिहिली जाते. आधार कार्ड, पासपोर्ट व दाखला यांतील नावे जुळत नाहीत म्हणून खेटे घालणाऱ्या आमच्या वाचकांनी विवाहाची तारीख तोंडावर येण्यापूर्वीच हे काम उरकून घ्यावे.

कपाटातून पडद्यावर

वही कपाटात असेपर्यंत तिला नैसर्गिक संरक्षण असते. ती वाचण्यासाठी गावी जावे लागते, कोणाला तरी विचारावे लागते, जुने हस्ताक्षर लावावे लागते. तिची छायाचित्रे संगणकावर गेली की हे सर्व अडसर एकदम नाहीसे होतात. ५ एप्रिल २००८ रोजी रोममधील धर्मगुरूविषयक मंत्रालयाने जगभरच्या बिशपांना पत्र लिहून, धर्मग्रामांच्या वह्या युटा येथील वंशावळी संस्थेला सूक्ष्मचित्रणासाठी किंवा संगणकीकरणासाठी देऊ नयेत, असे कळविले. ही संस्था मॉर्मन पंथाची असून १९३८ पासून जगभरातील दप्तरांची सूक्ष्मचित्रे घेत आली होती. मृत पूर्वजांच्या वतीने स्नानविधी करण्याची त्या पंथात प्रथा आहे आणि कॅथलिक नोंदींतील नावे त्यासाठी वापरली जाऊ नयेत, ही रोमची भूमिका होती. त्या संस्थेच्या जतनकार्याचे मोल वंशावळी शोधणारे पुष्कळ लोक मानतात आणि ते नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच होता की, एका हेतूने दिलेले नाव न विचारता दुसऱ्या हेतूकडे जावे काय.

पडद्यामुळे माहितीचा स्वभाव कसा पालटतो याचे दुसरे उदाहरण आपल्या देशातील आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार वधूवरांची सूचना तीस दिवस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते. आपल्यातील अनेक आंतरधर्मीय जोडप्यांना या कायद्याचा परिचय आहे. केरळमध्ये या सूचना छायाचित्र व पत्त्यासह सरकारी संकेतस्थळावरही दिल्या जात असत. आंतरधर्मीय जोडप्यांची माहिती तेथून उचलून समाजमाध्यमांवर पसरविली गेली आणि त्यांना त्रास झाला, तेव्हा जुलै २०२० मध्ये त्या राज्याने संकेतस्थळावरील प्रसिद्धी बंद केली. कार्यालयातील फलक तसाच राहिला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये तर अशी सूचना जाहीर करणे न करणे जोडप्याच्या इच्छेवर सोडले.

आपल्याकडे विवाहाच्या घोषणा चर्चमध्ये वाचल्या जातात. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेपासून चालत आलेली ही प्रथा मुद्दाम सार्वजनिक आहे, कारण कोणास अडथळा ठाऊक असल्यास त्याने पुढे यावे. पण 'सार्वजनिक' म्हणजे त्या दोन गावांतील ओळखीची माणसे. तीच घोषणा पत्ता व छायाचित्रासह संकेतस्थळावर चढविली की ती जगापुढे जाते, आणि अडथळा सांगू शकणाऱ्या माणसांची संख्या मात्र एकानेही वाढत नाही. मृत्यूच्या सूचनेत घराचा संपूर्ण पत्ता व अंत्यविधीची वेळ एकत्र देणे म्हणजे घर कोणत्या वेळी रिकामे असेल हेही सांगणेच होय. पहिल्या ख्रिस्तशरीर स्वीकृतीच्या छायाचित्राखाली बालकांची पूर्ण नावे, शाळा व इयत्ता छापण्याची हौसही आवरती घ्यावी.

सर्वांत नाजूक बाब प्रार्थनेच्या विनंत्यांची. 'अमुक गावच्या अमुक बाईंना कर्करोग झाला आहे', 'अमुक यांच्या मुलाचे व्यसन सुटावे' अशा विनंत्या मोबाईलवरील गटांतून फिरत असतात. पाठविणाऱ्याचा भाव निर्मळ असतो. परंतु ज्या व्यक्तीचा आजार अशा रीतीने सांगितला गेला तिला कोणी विचारलेले नसते. तो मजकूर तिच्या कामाच्या ठिकाणी पोहोचला, विवाहाची बोलणी चालू असलेल्या घरी पोहोचला, तर परिणाम भोगावे लागतात ते तिला. नाव घालण्यापूर्वी त्या व्यक्तीची परवानगी घ्यावी, आणि ती नसेल तर 'एका आजारी भगिनीसाठी' एवढेच लिहावे.

संकेतस्थळाला आपल्याविषयी काय कळते

कोणतेही संकेतस्थळ उघडले की आपल्या जोडणीचा आयपी क्रमांक, वेळ, मागितलेले पान व ब्राउझरचा प्रकार यांची नोंद तेथील संगणकावर होऊ शकते. नाव न देताही एवढे कळते. कुकी नावाची छोटी फाईल १९९४ साली नेटस्केप कंपनीत तयार झाली, ती परत आलेल्या वाचकाला ओळखता यावे म्हणून. पुढे जाहिरातदारांनी तिचा उपयोग एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर गेलेल्या माणसाचा माग काढण्यासाठी केला. पानात बाहेरचा व्हिडिओ, नकाशा किंवा वाचकसंख्या मोजणारी सेवा बसविलेली असेल, तर त्या कंपनीलाही आपल्या भेटीची खबर जाऊ शकते. मंडळी समजतात त्याप्रमाणे ब्राउझरची 'खासगी' खिडकी उघडल्याने हे थांबत नाही. तिच्यामुळे फक्त आपल्याच यंत्रावर इतिहास राहत नाही.

'निनावी' माहितीपासून काही धोका नाही, असे सांगितले जाते. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतील बिशप परिषदेच्या सरचिटणीसांना राजीनामा द्यावा लागला. एका कॅथलिक वृत्तसंकेतस्थळाने बाजारात उपलब्ध असलेली मोबाईल ॲपची निनावी स्थानमाहिती मिळविली होती. एक यंत्र त्यांच्या कार्यालयात व निवासस्थानी सातत्याने आढळते, यावरून ते त्यांचेच असल्याचे ठरविले गेले. त्यांच्या वर्तनाविषयी कोणाचे काहीही मत असो. बाजारातून विकत मिळणाऱ्या माहितीवरून एखाद्याचा वर्षानुवर्षांचा वावर शोधता येतो, ही गोष्ट आम्हांला अस्वस्थ करते. जे त्यांच्या बाबतीत झाले ते कोणाही शिक्षिकेच्या किंवा परिचारिकेच्या बाबतीत होऊ शकते.

आपल्या देशाचा कायदा

भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. संस्थांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील असे त्या नियमांत ठरविले आहे. (या कायद्याने सर्व व्यक्तींसाठी इंग्रजीतील स्त्रीलिंगी सर्वनाम वापरले आहे, ही एक सुखद नवलाई.) धर्मसंस्थांना म्हणून वेगळी सूट कायद्याच्या मजकुरात नाही. केवळ कागदावर राहिलेली हस्तलिखित वही त्याच्या कक्षेत येत नाही. परंतु तिच्यातील माहिती संगणकावर भरली की ती कक्षेत येते. आपली दप्तरे संगणकावर उतरविण्याच्या विचारात असलेल्या धर्मग्रामांनी ही गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी.

कायद्याप्रमाणे संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी व समजून घेऊन दिलेली असावी लागते, आणि ती त्या कारणाला लागणाऱ्या माहितीपुरतीच धरली जाते. कायद्यातच दिलेले उदाहरण असे: दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने मोबाईलमधील संपर्कांची यादी मागितली व वापरणाऱ्याने होकार दिला, तरी ती यादी उपचारासाठी आवश्यक नसल्यामुळे तो होकार तिला लागू होत नाही. हेच माप आपल्या घराजवळ लावून पाहावे. धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी दिलेला पालकाचा मोबाईल क्रमांक सहलीच्या किंवा विमा विक्रीच्या गटात घातला गेला, तर ती संमती तेथवर पोहोचत नाही. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. आपली कोणती माहिती ठेवली आहे हे विचारणे, ती दुरुस्त करून घेणे, गरज संपल्यावर पुसून घेणे व तक्रार करणे हे हक्क व्यक्तीस दिले आहेत. माहिती फुटल्यास संबंधितांना कळविणे संस्थेवर बंधनकारक आहे आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

संमती मागताना द्यावयाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असली पाहिजे, असेही कायदा म्हणतो. त्या बावीस भाषांत मराठी आहे आणि कोंकणीही आहे. यापुढे इंग्रजी अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत सही मागितली गेली, तर तो मजकूर मराठीतून मागून, वाचून मगच सही करावी.